उजव्या हाताचं झाड

निलंग्याच्या पलीकडे, जिथून कर्नाटकाची हद्द हाकेच्या अंतरावर आहे अशा एका गावात, गौरम्मा रोज उन्हं कलली की घागर घेऊन शेतात जायची आणि नवऱ्याची समजूत काढायची. नवऱ्याला जाऊन बारा वर्षं झाली होती. जिवंतपणी त्याची समजूत काढायला फार तर एक शेंगदाण्याची पोळी लागायची. गेल्यावर मात्र तो फारच भारी पडला.

गुरुबसप्पा आपल्याच शेतात, विहिरीच्या वरच्या अंगाला बसलेला आहे. बसलेला म्हणजे खरोखरच बसलेला. लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं करत नाहीत. कपाळी विभूती लावून, मांडी घालून बसवतात, माती देतात आणि वर कट्टा बांधतात. गुरुबसप्पाचं तोंड पूर्वेला आहे. त्यामुळे त्याला उजवी बाजू आहे, डावी बाजू आहे, आणि दोन्ही बाजूंना एकेक झाड आहे.

झाडं त्यानंच आणली होती. जाण्याच्या पंधरवडाभर आधी तो लातूरला कृषी प्रदर्शन बघायला गेला होता. तिथं टाय लावलेल्या एका पोरानं त्याला गाठलं. "काका, आफ्रिकेची महोगनी आहे. लावा आणि विसरा." विसरण्याचं काम गुरुबसप्पाला मनापासून आवडायचं. काळ्या पिशव्यांतली दोन रोपं मांडीवर घेऊन तो एसटीनं घरी आला आणि बायकोला म्हणाला, "हे एक माझं, अन् हे एक तुझं. बघू, कुणाचं आदी आभाळाला लागतंय." रोपं विहिरीजवळ ठेवली आणि खरंच विसरून गेला. मग एका सकाळी गोठ्यातून येताना छातीत कळ आली, म्हणून तो दारात टेकला. तिथून काही उठला नाही.

दिवसकार्य उरकल्यावर गौरम्माला ती रोपं दिसली. माना टाकून पडली होती, पण जिवंत होती. तिनं कोणाला विचारलं नाही, कुदळ घेतली आणि नवऱ्याच्या उजव्या हाताला त्याचं झाड लावलं, डाव्या हाताला आपलं. लग्नात बसले होते तसेच दोघं पुन्हा शेजारी बसले, असं तिला वाटलं आणि त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर जेवली.

शर्यत तिनं जिंकली आणि तिथंच तिचं नशीब फुटलं. डावीकडचं झाड बघता बघता वाढलं. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या साली, माणसं घागरीसाठी एकमेकांच्या जिवावर उठली होती तेव्हाही, त्यानं नवी पालवी काढली. उजवीकडचं मात्र पहिल्यापासूनच किरकिरं. पानं मोठी आणि देखणी, पण उन्हाळा आला की कडेनं करपायची, खोड वाकडं व्हायचं, फांदी वाळायची. गौरम्मा भांडी धुतलेलं पाणी, अंघोळीचं पाणी, म्हशीच्या बादलीतलं उरलेलं पाणी, सगळं त्याच्या बुडाशी नेऊन ओतायची. वर दोन शब्द बोलायची. "काय झालं तुमाला? बोला की. सगळं तर तुमच्याच मनासारकं चाललंय."

मग एक गोष्ट अशी झाली की जी त्याच्या मनासारखी होती की नव्हती, हे तिला विचारता आलं नाही. मुलगी पुनम नांदेडला शिकायला होती. तिथल्याच एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारा रविकांत तिला आवडला. घर बौद्ध, पोरगा शांत, आई महामायाबाई दवाखान्यातली नोकरी करून निवृत्त झालेली. भावकीत कालवा झाला. गौरम्मानं रविकांतला एकदा समोर बसवून बघितलं, त्याच्या चहा पिण्यात तिला खोट दिसली नाही आणि तिनं एकटीनं होकार दिला. लग्नाला नांदेडला गेली, अक्षता टाकल्या, विहिणीच्या गळ्यात पडून रडली. थोरला मुलगा शिवमूर्ती बिनलग्नाचाच राहिला होता. शेतकरी नवरा कोणाला हवा आहे आजकाल? तेव्हा घरातलं पहिलं कार्य हेच.

त्याच उन्हाळ्यात उजव्या झाडाचा शेंडा वाळला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, पण ती गाठ सोडवणारं तिथं कोणी नव्हतं. होता तो चुलत दीर वीरभद्रप्पा. मेलेल्यांच्या मनातलं ज्यांना झटकन कळतं आणि जित्यांचं जन्मात कळत नाही, अशी माणसं गावोगाव असतात. पुण्यतिथीला कट्ट्यावर बेल वाहता वाहता त्यानं वर बघितलं आणि म्हणाला, "वैनी, दादा नाराज हाय. डोळ्याला दिसून राहिलंय."

एवढंच. बोलून तो प्रसादाचं खाऊन घरी गेला आणि बहुतेक विसरलाही. गौरम्माच्या काळजात मात्र ते वाक्य बाभळीच्या काट्यासारखं मोडून बसलं.

तिला कोणी काही बंदी केली नव्हती. तिनंच स्वतःला केली. नवरा राजी झाल्याची खूण दाखवत नाही तोवर पोरीच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही, आणि जावयाला समाधीजवळ आणायचं नाही. पुनमचा फोन यायचा, "अव्वा, कधी येतीस?" मग कधी सोयाबीनची रास असायची, कधी तुरीवर फवारणी, कधी गुडघा, कधी म्हैस व्यायला झालेली. ती म्हैस तर त्या चार वर्षांत इतक्यांदा व्यायली की शिवमूर्तीला हसू यायचं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, तेही गौरम्मानं टाळलं. डिंकाचे लाडू, बाळंतविडा, सगळं शिवमूर्तीबरोबर पाठवलं. नातीचं नाव प्रज्ञा ठेवलं हे तिला फोनवरच कळलं.

कारण तिनं कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं तर पोर उरावर ते ओझं घेऊन संसार करणार. त्यापेक्षा आपण वाईट झालेलं परवडलं, असा तिचा हिशेब. पोरीनं तिचा अर्थ काय लावला असेल, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही. पुनम दर पुण्यतिथीला एकटी यायची, समाधीला पाणी घालायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची.

यंदा दोन्ही झाडांना पहिल्यांदाच फळं धरली. लाकडी, लिंबाएवढी, वाळली की वरून उकलणारी. डावीकडच्या झाडाला भरपूर होती, उजवीकडच्याला मोजून तीन. गौरम्मानं खाली पडलेली दोन उचलून पदराला पुसली आणि शेजारी शेजारी धरली. तिच्या झाडाचं फळ चार फाकांत उकललं होतं. त्याच्या झाडाचं पाच.

चार तिला कळले. नवरा, आपण, शिवमूर्ती, पुनम. हा पाचवा कोण? जावई! नाराजी कोणावर, ते बोट दाखवून सांगावं तसं झाडानं सांगितलं होतं. तिला दोन दिवस अन्न गेलं नाही. शेवटी न राहवून तिनं पुनमला फोन केला आणि जमेल तितक्या उडत्या आवाजात विचारलं, "तुझ्या नवऱ्याला झाडातलं कळतंय न्हवं? मग इचार त्येला, फळाला पाच फाका आल्या म्हंजे काय असतंय?"

शिवमूर्तीनं फोटो काढून पाठवले. रविकांतनं ते मोठे करून करून बघितले. मग म्हणाला, "फोटोवरून नाही सांगता येणार. पान, साल बघावं लागेल." आणि थोडा थांबून, "मी आलो तर चालेल का त्यांना?" पुनमला याचं उत्तर माहीत नव्हतं. "चल," एवढंच ती म्हणाली.

पुण्यतिथीला ऊन चांगलंच तापलं होतं. प्रज्ञाला महामायाबाईंजवळ ठेवून दोघं पहाटेच नांदेडहून निघाले होते. कट्टा धुऊन झाला होता, विभूती लावली होती, बेल वाहिला होता. वीरभद्रप्पा नेहमीच्या जागी, प्रसादाच्या पातेल्याजवळ बसला होता. पुनम पुढं आली. रविकांत बांधावरच थांबला. चपला काढून त्यानं हातात धरल्या होत्या आणि त्या कुठं ठेवाव्यात हे त्याला सुचत नव्हतं.

"मामी, येऊ का?"

सगळे गौरम्माकडं बघायला लागले. ती कट्ट्याकडं बघत होती. नाही म्हणावं, तर पाचव्या फाकेचा अर्थ जन्मभर कळणार नाही. या म्हणावं, तर नवऱ्यासमोर नवऱ्याच्या मर्जीविरुद्ध. 

"चपला तितंच ठिवा," ती म्हणाली, "अन् या."

रविकांतनं आधी कट्ट्याला हात जोडले. मग तो डावीकडच्या झाडाकडं गेला, मग उजवीकडच्या, पुन्हा डावीकडच्या. पानं उलटी करून बघितली, सालीवर नख फिरवलं, दोन्ही फळं तळहातावर शेजारी शेजारी ठेवली. लोकांना वाटलं, आता हा मंत्र म्हणतो की काय.

"मामी," तो म्हणाला, "ही दोन झाडं एका जातीची नाहीत."

"आरं, एकाच पोरानं दिल्ती की, एकाच ठिकाणावरनं," वीरभद्रप्पा म्हणाला.

"बी मिसळलं असेल त्यांच्याकडं. रोपं लहान असताना सारखीच दिसतात. दोघं चुलत भाऊ समजा. आडनाव एकच, खाया. आपण सरसकट महोगनी म्हणून मोकळे होतो. पण गावं निराळी." त्यानं डाव्या झाडाच्या खोडावर थाप मारली. "हा खाया सेनेगलेन्सिस. वाळवंटाच्या खालच्या अंगाला जो कोरडा माळ आहे, तिथला. महिनोन्‌महिने पाऊस नसतो. आपला मराठवाडा म्हणजे याला सासर नाही, माहेरच. फळ चार फाकांचं." मग उजवीकडं वळला. "आणि हा माझ्या मते खाया ग्रँडिफोलिओला. पक्कं सांगायला नमुना नेऊन तपासावा लागेल. पण पानं बघा केवढी मोठी, आणि फळ पाच फाकांचं. याच्या जातीला पाचच असतात. हा ओढ्याकाठचा, दाट रानातला. आपल्या दुप्पट पाऊस पडतो तिथं."

नावं ऐकून वीरभद्रप्पानं तोंड वाकडं केलं. एवढी मोठी नावं घेऊन कोणतं झाड सरळ वाढेल, असा त्याचा भाव होता.

"मंग तिकडं ही लई आसतील?" शिवमूर्तीनं विचारलं.

"होती. आता दोघंही अडचणीत आहेत. जगात कुठली झाडं संपत चालली त्याची लाल यादी असते, तीत दोन्ही. दुखणं मात्र निराळं. या डाव्याची साल तापावरचं औषध म्हणून लोक सोलून नेतात, उन्हाळ्यात गुराखी फांद्या छाटून गुरांना घालतात. सारखं ओरबाडल्यावर झाडाला फळ धरायला सवड कुठली? तरी तो गावाकडेला, रस्त्याकडेला तग धरून आहे. या उजव्याचं रानच कमी होऊन राहिलंय, आणि लाकूड तांबूस, देखणं, म्हणून मोठं झाड दिसलं की कुऱ्हाड. तीन वर्षांखाली सगळे देश बसले आणि ठरवलं, आफ्रिकेतून हे लाकूड आता परवान्याशिवाय बाहेर न्यायचं नाही."

शिवमूर्ती घाबरला. "म्हंजे आता फारेस्टवाले येत्यात का काय? आमी तोडलं न्हाई बरं का, फकस्त लावलंय."

"तो नियम तिकडच्या झाडांना," रविकांत हसला. "तुझ्या बांधावरच्यांना नाही."

गौरम्मानं यातलं निम्मंच ऐकलं होतं. तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती आणि ती विचारायला तिची जीभ वळत नव्हती. शेवटी तिनं ती जावयाला विचारलीच, सगळ्यांसमोर, कट्ट्याला पाठ न करता.

"म्हंजे हे रुसून बसल्यालं न्हाई?"

"कोण, झाड?"

"झाड. अन् ते बी." तिनं मानेनं कट्ट्याकडं खूण केली. "पुनमच्या लग्नाच्या साली शेंडा वाळला ह्याचा. दीर म्हणले, दादा नाराज हाय. तवापास्नं मी..." 

 रविकांतच्या जागी दुसरा कोणी असता तर त्यानं लगेच, मामी, ते खूश आहेत हो, असं सांगून टाकलं असतं. हा तसला नव्हता. "त्यांचं मी काय सांगू?" तो म्हणाला. "मला ते भेटलेच नाहीत. झाडाचं सांगतो. हे रुसलेलं नाही. हे दमलेलं आहे. त्या दुष्काळात याला मरायलाच पाहिजे होतं. आमच्या कॉलेजात ठिबकवर लावलेलं एक मेलं. हे तुमच्या भांड्यांच्या पाण्यावर जगलं, आणि यंदा तीन फळं दिली. मी असं कुठं बघितलं नाही."

"अव्वा," पुनम पुढं येऊन म्हणाली, "तू याच्यासाठी येत नव्हतीस? झाडासाठी?"

"मंग आनि कशासाठी?"

"मला वाटलं..." पुनमनं नवऱ्याकडं बघितलं, मग खाली. "आम्हाला वाटलं, आमच्या घरचं पाणी तुला चालत नाही."

गौरम्माला कोणी थोबाडीत मारावी तसं झालं. चार वर्षं! चार वर्षं पोर हे मनात घेऊन दर साली येत होती, समाधीला पाणी घालत होती आणि एक शब्द बोलत नव्हती. आणि हा माणूस, हातात चपला घेऊन बांधावर उभा राहिलेला. तिनं पोरीला जवळ ओढलं आणि मोठ्यानं रडायला लागली. "आगं भवाने, मी हो म्हणले हुते की! मीच हो म्हणले हुते!" रडता रडता तिच्या छातीवरचं काहीतरी असं उतरलं की तिला खाली बसावं लागलं. शिवमूर्तीनं पाणी दिलं. ते तिनं पिलं नाही. उठली, तांब्या तसाच रविकांतच्या हातात दिला.

"घाला," ती म्हणाली. "उजव्या हाताला. मालकास्नी सांगा, मी आलोय म्हणून."

रविकांतनं झाडाच्या बुडाशी पाणी घातलं. तोंडानं काही बोलला की नाही, कोणाला ऐकू आलं नाही.

प्रसाद झाल्यावर गौरम्मानं जाहीर केलं की ती आजच नांदेडला निघणार, आणि आठ दिवस येणार नाही. शिवमूर्ती म्हणाला, म्हैस? ती म्हणाली, "म्हैस काय व्यात न्हाई एवढ्यात." मग तिनं घागर उचलली आणि वीरभद्रप्पाच्या पुढ्यात ठेवली.

"भावजी, ह्याला रोज सांजचं दोन घागरी लागतंय."

"मी?" वीरभद्रप्पा दचकला. "माझी कंबर..."

"तुमालाच कळलं हुतं न्हवं, दादा नाराज हाय? मंग आता तुमीच घाला पाणी, अन् काढा समजूत."

शिवमूर्ती इतका हसला की पातेल्याशी ठेच लागून पडता पडता वाचला.

गाडी अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचली तेव्हा उन्हं अजून होती. महामायाबाई दारात उभ्या होत्या.  "लई उशीर केला बाई," महामायाबाई म्हणाल्या. "केला खरा," गौरम्मा म्हणाली. "भूक लागलीय. कायतरी वाढा." महामायाबाई डोळे पुसत आत वळल्या. चूल गॅसची असली तरी आतून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला.

प्रज्ञा दाराआड लपली होती. कोण ही बाई, असं तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. गौरम्मानं बोलावलं नाही, हात पसरले नाहीत. फरशीवर बसली, पदराची गाठ सोडली आणि पाच फाकांचं फळ समोर ठेवून स्वतःशीच मोजायला लागली. "हे आजोबा. ही मी. ह्यो शिवमूर्ती मामा. ही तुझी आई."

पोरगी हळूच पुढं आली. पाचव्या फाकेवर तिनं बोट ठेवलं. "आणि हे?"

"ह्यो तुझा बाबा," गौरम्मा म्हणाली. "तुझ्या आजोबानं आधीच धरला हुता त्येला. मलाच मोजता येईना." रविकांत पलीकडं उभा होता. झाडाच्या जातीचं त्यानं पुन्हा काही सांगितलं नाही.

प्रज्ञानं फळ हातात घेतलं, फिरवून फिरवून बघितलं आणि तिचा चेहरा पडला. "मी कुठं?"

गौरम्मानं ते उलटं करून तळहातावर झटकलं. आत चिकटून राहिलेलं एक चपटं, कागदासारखं पातळ बी बाहेर पडलं. "ही काय तू," ती म्हणाली, आणि नात तिच्या मांडीवर येऊन बसली. तेवढ्यात महामायाबाईंनी आतून हाक मारली, ताटं वाढली होती.